कच्च्या रंगाची कासवं

आधी कापड

नव्या लिननला आधी पाणी दाखवावं लागतं. दुकानातून आलेलं लिनन फार ताठ असतं, पहिल्यांदाच सासुरवाडीला आलेल्या जावयासारखं. वाकत नाही, नीट बसत नाही, घडी घालावी तर चुरगळून राग दाखवतं. एकदा धुतलं की मुकाट्याने आक्रसतं, मऊ पडतं आणि त्याचं खरं माप कळतं. न धुता अभ्रा शिवला तर पहिल्याच धुण्यात तो एवढासा होतो आणि आतली उशी घट्ट सदऱ्यातल्या पोटासारखी बाहेर डोकावते.

म्हणून या घराच्या मागच्या अंगणात दोरीवर बाराही महिने ओले, कोरे अभ्रे लटकलेले असत आणि त्याचं कुणालाच नवल वाटत नसे. थोरल्या सुनेच्या हे जरा जास्तच ध्यानात राहिलं.

घर दोन मजल्यांचं. वर दोन भाऊ आणि दोन जावा, खाली सासूबाई. खालीच, फाटकाला लागून, मोटारीची खोली. त्या खोलीत मोटार नव्हती. तिथे एक लांब टेबल, शिवणयंत्र, रंगाच्या बाटल्या, इस्त्रीचा पाट आणि कोपऱ्यात गाडी धुण्यासाठी घेतलेला नळ होता. गाडी बिचारी रस्त्यावर झाडाखाली. थोरलीचा नवरा रोज सकाळी ओलं फडकं घेऊन टपावरची पक्ष्यांची कामगिरी पुसायचा आणि मग खोलीच्या दारातून आत डोकावून म्हणायचा, "उशा सावलीत, गाडी उन्हात. चालू द्या."

त्याला उत्तर देण्याचं दोघी जावांनी केव्हाच सोडून दिलं होतं. उत्तराची त्याचीही अपेक्षा नव्हती. हजेरी लावल्यासारखं बोलून तो कामावर जाई.

साचा

थोरली साचे कापायची. जाड पारदर्शक प्लॅस्टिकवर चित्र उतरवायचं आणि कटरने आतला भाग काढून टाकायचा. साच्याचं सगळंच उलटं: जे कापून फेकाल ते कापडावर उमटतं, जे जपून ठेवाल ते कोरं राहतं.

यात मोठी अडचण डोळ्याची. डोळा भोवतीने सगळा कापला की मधला ठिपका अधांतरी राहतो आणि टपकन खाली पडतो. तो धरून ठेवायला दोन्ही बाजूंनी बारीक पट्टी ठेवावी लागते. म्हणून थोरलीच्या साच्यातल्या समस्त प्राणिमात्रांनी चष्मा लावल्यासारखं दिसे. बदक चष्म्यातलं, ससा चष्म्यातला. एका गिऱ्हाइकाने मांजर करून नेलं, ते तर थेट शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखं दिसत होतं.

धाकटी टिपायची. ताठ केसांचा बुटका ब्रश रंगात जेमतेम टेकवायचा, फडक्यावर झटकून जवळजवळ कोरडा करायचा आणि साच्यावरून हलक्या हाताने टिपत जायचं. "ब्रश ओला राहिला ना ताई," धाकटी म्हणे, "की तो आत्याबाईंसारखा वागतो. आपलं दार सोडून दुसऱ्याच्या घरात शिरतो." साच्याच्या कडेखाली रंग शिरला की चित्र फिसकटलं. धाकटीच्या हातून ते क्वचितच व्हायचं. तिची जीभ सैल होती, ब्रश नव्हता.

टिपलेला अभ्रा रात्रभर वाळायचा. दुसऱ्या दिवशी उलट्या बाजूने कडक इस्त्री फिरवली की रंग पक्का, मग तो जन्मात निघत नाही. इस्त्री होईपर्यंत मात्र सगळाच कच्चा कारभार. पक्का झालेला अभ्रा सासूबाईंकडे जाई, त्या बटणं लावत.

या खेपेचं काम दातांच्या डॉक्टरीणबाईंचं होतं. त्या नवा दवाखाना काढत होत्या आणि बाहेरच्या बाकांसाठी त्यांना उशा हव्या होत्या. "जुन्या दवाखान्यात माणसं माझ्या बाकांचे हात ओरबाडतात हो," त्या म्हणाल्या होत्या. "त्यांना आवळायला काहीतरी मऊ द्या. आणि चित्र शांत पाहिजे. शक्यतो दात नसलेला प्राणी."

घरात यावर दोन दिवस खल झाला. सासूबाईंचं मत कोंबडीला होतं. थोरल्याने गांडूळ सुचवलं आणि आपण सुचवलेलं कुणी ऐकत नाही अशी तक्रारही लगेच करून टाकली. शेवटी कासव ठरलं. कासवाला दात नसतात आणि त्याच्या पाठीवरचे तुकडे साच्यासाठीच जणू देवाने मुद्दाम वेगवेगळे ठेवलेत.

थोरली पहिलाच साचा कापत होती आणि धाकटी समोर बसून हिरवा रंग कालवत होती, तेव्हा ती म्हणाली, "ताई, ह्यांना तिकडे घर मिळालं."

धाकट्या दिराची बदली झाल्याला तीन महिने झाले होते. तो तिकडे एका खोलीत राहायचा आणि रविवारी यायचा. आज ना उद्या हे होणार, हे सगळ्यांना माहीत होतं. थोरलीलाही माहीत होतं. फक्त ती ते माहीत नसल्यासारखी वागत आली होती आणि त्यात तिचा चांगलाच हात बसला होता.

"अरे वा," थोरली म्हणाली.

"ही ऑर्डर हातावेगळी झाली की मग जाते. मध्येच टाकून कशी जाऊ?"

"जायलाच हवं. तुझा संसार आहे. त्यांचे किती हाल होत असतील. जा की."

तोंडाने तिने 'जा की' म्हटलं आणि हातातल्या कटरने कासवाची शेपटी मुळासकट उडवली.

रविवारचं जेवण

(जे बोललं गेलं ते बाजूला काढलं आहे. जे घासाबरोबर गिळलं गेलं तेवढंच इथे उमटलं आहे.)

थोरली: तिथे असं काय सोनं लागलंय?

धाकटा दीर: वहिनी, माझ्याकडे असं बघू नका. बदली मी मागितली नव्हती.

धाकटी: तिथे मी भांडू कुणाशी? ह्यांच्याशी भांडायला गेलं तर हे लगेच माफी मागतात.

थोरला: खोली रिकामी झाली तर गाडी आत घेता येईल, हे आत्ता काढावं का? नको. हिचा चेहरा बरा दिसत नाही.

सासूबाई: बटाट्यात मीठ नाही.

(हे सासूबाईंनी बोलूनही दाखवलं. त्या काही गिळत नाहीत.)

टिपणं

पहिलं कासव थोरलीने धुतलं ते अगदी सरळ मनाने. धाकटीचा ब्रश एकदा चुकून ओला राहिला, रंग पाठीवरून पोटाखाली उतरला आणि कासव चिखलात बसल्यासारखं दिसायला लागलं. धाकटी वर सामान आवरायला गेलेली. थोरलीने अभ्रा नळाखाली धरला, साबण लावून चोळला. रंग हिरवा ओघळ होऊन निघून गेला. राहिली ती इतकी पुसट सावली, की आपण बघितलं म्हणून दिसली.

थोरली त्या कोऱ्या अभ्र्याकडे बघत राहिली. कासव होतं, आता नाही. ऑर्डर एका उशीने मागे सरली होती.

आपण काही वाईट करतोय असं तिला वाटलं नाही. आपण काही करतोय असंच तिला वाटलं नाही. शेजारी अजून दोन कासवं वाळत होती. तिने ती उजेडात धरली. एकाचा पाय जरा आखूड वाटला. दुसऱ्याचा भाव तिला आवडला नाही.

मागच्या अंगणातल्या दोरीवर कोऱ्या अभ्र्यांच्या रांगेत तीन अभ्रे वाढले. कोण मोजतंय?

पुन्हा

सकाळी धाकटीने कासवं टिपली.

"ताई, हा बघा चष्मा. हा आपल्या डॉक्टरीणबाईंचा धाकटा भाऊ वाटतो की नाही?"

"त्यांना भाऊ नाही."

"आता आहे. आणि हा दुसरा, हा दादा. दारात उभा राहून म्हणतोय, उशा सावलीत, कासव उन्हात."

"गप. ऐकतील ते."

"ऐकू देत. मी आता चाललेच आहे, मला कोण काय करणार?"

थोरलीने शिवणयंत्राचं चाक जोरात फिरवलं. ते 'चाललेच' तिने त्याच्या आवाजात दडवलं. मग दोघींनी शेजारणीच्या नव्या पडद्यांचा पंचनामा केला, डॉक्टरीणबाईंच्या बोलण्याची नक्कल केली आणि हिरव्यात पिवळा किती घालावा यावरून असं कडकडून भांडण केलं, की सासूबाईंना यावं लागलं. सासूबाई आल्या, भांडण कशावरून आहे ते ऐकलं आणि म्हणाल्या, "माझ्याकडे अजून एकही कासव पोचलेलं नाही. मी बटणं मांडीवर घेऊन बसले आहे."

दुपारी धाकटी वर सामान बांधायला गेली. थोरलीने दार लोटून घेतलं. नळ, साबण, हिरवं पाणी, मागचं अंगण.

पुन्हा

सकाळी धाकटीने कासवं टिपली. पिवळ्यावरून भांडण. डॉक्टरीणबाईंचा फोन.

"कशी आहेत माझी कासवं?"

"तब्येतीने करतोय," थोरली म्हणाली.

"तसं नको. उद्घाटन जवळ आलं."

दुपारी नळ. साबण. हिरवं.

संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं, "थोरले, तुझी नखं हिरवी का?"

"रंगाचं काम आहे ना, आई."

"रंग ती लावते. तू कापतेस."

थोरलीने हात पदराआड नेले. सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मांडीवरच्या बटणांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बरं." त्यांच्या 'बरं'मध्ये नेहमीच बरंच काही असायचं. पण त्या दिवशी त्या तेवढ्यावर थांबल्या, हे घरात पहिल्यांदाच घडत होतं.

पुन्हा

कासवं. सामान. नळ.

चोर

हे किती दिवस चालणार? धाकटीचा हिशेब कच्चा होता, पण इतकाही नव्हता. सकाळभर टिपायचं आणि दुसऱ्या दिवशी इस्त्रीला चारच अभ्रे मिळायचे, तेही थोरलीने दया दाखवून ठेवलेले. शिवाय त्या चारांतही थोरली खोट काढायची, आणि खोट निघाली की ते बटणांपर्यंत जायचे नाहीत.

एका रविवारी जेवताना धाकटीनेच विषय काढला.

"आपल्याकडे चोरी होते आहे," ती म्हणाली.

थोरलीने डावा हात पदराआड नेला.

"काय गेलं?" थोरल्याने विचारलं.

"कासवं."

"म्हणजे उशा?"

"नाही ना दादा. अभ्रे आहेत. कोरे. वरची कासवंच गेली."

धाकटा दीर घास हातात धरून बघत राहिला. "म्हणजे चोर येतो, अभ्रा ठेवतो आणि चित्र घेऊन जातो?"

"कलेची जाण असलेला दिसतो," धाकटी अतिशय गंभीरपणे म्हणाली.

"तसा चोर आला तर त्याला सांगा," सासूबाई म्हणाल्या, "बटणंही घेऊन जा म्हणावं. माझ्या मांडीला रग लागली."

सगळे हसले. थोरली सगळ्यांच्या नंतर हसली आणि सगळ्यांच्या नंतर थांबली. एकटा थोरला हसला नाही. इतक्या वर्षांत त्या खोलीबद्दल प्रथमच त्याच्या अखत्यारीतला प्रश्न निघाला होता. तो तडक उठला, हात धुतले, खिडकीच्या गजांची पाहणी केली, उंबऱ्यावर वाकून कुणाचं पाऊल उमटलंय का ते पाहिलं (उमटलं होतं, त्याचंच होतं) आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून हाताच्या तळव्याएवढं पितळी कुलूप घेऊन आला.

"याला एकच किल्ली," त्याने जाहीर केलं. "दुसरी मी तिथेच दुकानात मोडून टाकली. दोन किल्ल्या म्हणजे दोन वाटा."

मग त्याने ती किल्ली सगळ्यांच्या देखत थोरलीच्या हातात ठेवली.

"तुझ्याइतका भरवसा मला दुसऱ्या कुणाचा नाही," तो म्हणाला.

लग्नानंतर इतकं प्रेमळ तो क्वचितच बोलला असेल. थोरलीने किल्ली घेतली. तिला धरणीमाता दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. धाकटी मान खाली घालून टोपलीतले बटाटे मोजत होती आणि तिचे खांदे हलत होते. रडत असावी, असं थोरलीला वाटलं. ते वाटून थोरलीला फार बरं वाटलं, आणि बरं वाटल्याबद्दल फार वाईट वाटलं.

दुपारी ती कुलूप उघडून आत गेली, आतून कडी लावली आणि पहिल्यांदाच पूर्ण बंदोबस्तात कासवं धुतली.

पक्का रंग

डॉक्टरीणबाईंचा शेवटचा फोन नळाच्या धारेसारखा होता, मध्ये बोलायला जागाच नाही. परवा उद्घाटन आहे. बाक आले आहेत. पाहुणे येणार आहेत. पाहुण्यांत त्यांचे गुरुजी आहेत, ज्यांनी त्यांना पहिला दात काढायला शिकवला. ते बसणार कशाला टेकून?

"उद्या संध्याकाळी घ्या," थोरली म्हणाली, आणि नेहमीप्रमाणे दुपारी नळाशी बसली.

पहिला अभ्रा तिने ओला केला. साबण लावला. चोळला. पाणी स्वच्छ गेलं. अगदी पिण्यासारखं.

तिने पुन्हा साबण लावला. कासव जागचं हललं नाही. तिने घासायचा ब्रश घेतला. मग सोडा टाकला. मग लिंबू पिळलं. मग नुसताच राग काढला. फेस कोपरापर्यंत चढला, केस तोंडावर आले, आणि फेसातून ते कासव चष्मा लावून तिच्याकडे बघत राहिलं. त्याची समजूत घातल्यासारखं ती पुटपुटली, "निघ ना रे बाबा."

"नाही निघायचं ते, ताई."

दारात धाकटी उभी होती. कडी लावायची आज राहून गेली होती. धाकटीच्या हातात चहाचे दोन कप होते.

दोन. म्हणजे आत कोण आहे ते तिला ठाऊक होतं.

"डाग पडला होता," थोरली म्हणाली.

"कासवाच्या आकाराचा?"

थोरलीने अभ्रा पाठीमागे लपवला. त्यातून पाणी तिच्या पायावर गळत राहिलं.

"सकाळी टिपल्या टिपल्या मी ते वर नेलं, इस्त्री मारली आणि परत इथे आणून ठेवलं," धाकटी म्हणाली. "सगळीच नेली. पक्की झाली आहेत."

"आपला नियम काय आहे?" सापडलेलं माणूस जे करतं तेच थोरलीने केलं, उलट तीच चढली. "रात्रभर वाळल्याशिवाय इस्त्री नाही! किती वेळा सांगितलंय?"

"आणि कासवं धुवायचा नियम कुठला?"

थोरलीने नळ अर्धामुर्धा पिळला. ती बादली पालथी घालून तिच्यावर बसली. धाकटीने एक कप तिच्या हातात दिला आणि स्वतः रंगाच्या डब्यावर टेकली. दोघी फुंकर घालत राहिल्या.

"कधी कळलं तुला?"

"पहिल्याच आठवड्यात. कोऱ्या अभ्र्यावर जुन्या कासवाची सावली होती. मी तिच्यावरच दुसरं बसवलं. एका अभ्र्यावर तर मी इतक्यांदा कासव बसवलंय, की ते आता मला नमस्कार करतं."

"मग तो चोर?"

"तो मी आणला. आईंना तुमची नखं दिसायला लागली होती. म्हटलं, कुणाचं तरी नाव पुढे करावं."

"आणि ह्यांनी एवढं कुलूप आणलं!"

"दादांना किती आनंद झाला बघा. परवापासून गाडीबद्दल अवाक्षर नाही."

थोरलीला हसू आलं, ते तिने चहात घालवलं. मग विचारलं, "कळलं होतं तर बोलली का नाहीस?"

"काय बोलू? धुऊ नका म्हणू?" धाकटीने कप खाली ठेवला. "मग ऑर्डर झाली नसती का?"

नळ टपटपत होता. उठून तो बंद करायचं दोघींच्या मनात आलं आणि दोघीही उठल्या नाहीत.

"मग आज का पक्की केलीस?" थोरलीने विचारलं.

"काल ह्यांचा फोन आला. रोजच येतो. मी आपली इकडचं सांगत सुटले. पिवळ्यावरून भांडलो ते, शेजारणीचे पडदे, सगळं. हे खूप हसले. आणि मग ठेवताना म्हणाले, 'मजा आहे तुमची.' बाकी काही नाही. एवढंच." ती पदराचं टोक पिळत बसली. "हे रागावले असते ना ताई, तर मी अजून महिनाभर कासवं टिपली असती."

थोरलीने मान हलवली. खूप वेळ हलवत राहिली. पाठीमागचा अभ्रा पुढे घेऊन तिने मांडीवर पसरला आणि कासवाच्या पाठीवरून हात फिरवत, त्यालाच सांगितल्यासारखं म्हणाली, "मला करमायचं नाही गं."

धाकटीने डबा जवळ ओढला.

"एवढं सांगायला तुम्ही इतकी कासवं बुडवलीत?"

"कासव बुडत नाही," थोरली नाक पुसत म्हणाली. "पाण्यातच राहतं ते."

"आपली जमिनीवरची आहेत. चष्मेवाली."

"पिवळा जास्त झालाय यांच्यात."

"अजिबात नाही. उलट कमीच आहे."

सासूबाई आपल्या खोलीतून ओरडल्या, "भांडण नंतर! आधी कासवं पाठवा!"

इस्त्री

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी सगळं घर कामाला लागलं. रात्रभर वाळवण्याचा नियम गुंडाळून ठेवला, पंखे लावले. धाकटी टिपत गेली आणि थोरली पंख्यासमोर अभ्रे धरून उभी राहिली. थोरल्याला रजा टाकायला लावून इस्त्रीवर बसवलं. गाडीचा टप पुसावा तशी तो इस्त्री फिरवत होता, कडेकडेने, जिव्हाळ्याने, मध्येच वाकून चमक आली का बघत. चोर सापडला का, असं त्याने एकदा विचारलं. "सापडला," सासूबाई म्हणाल्या. "सोडून दिला. घरचाच होता." थोरला दोन मिनिटं विचारात पडला आणि त्याने पुढचा अभ्रा ओढला. काही गोष्टी न विचारण्यातच शहाणपण आहे, हे त्याला जमू लागलं होतं.

सासूबाईंचा हात असा चालत होता, की बटणं आपणहून टुणकन जागेवर बसतायत असं वाटावं. एवढ्या दिवसांची कासवं एकदम त्यांच्या मांडीवर येऊन पडली होती आणि त्या प्रत्येकाला "आलास का?" म्हणून घेत होत्या.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई गाडी घेऊन आल्या. टेबलावर उशांची रास होती. त्यांनी एक उचलली, आवळून बघितली, समाधानाने मान डोलावली. मग ती खिडकीपाशी नेली.

"अहो," त्या म्हणाल्या, "प्रत्येक कासवाच्या मागे आणखी एक पुसट कासव आहे. याच्यात तर दोन-तीन दिसतात. कुठेतरी लांबून चालत येतायत असं वाटतं. हे कसं केलंत?"

"मुद्दाम," धाकटी म्हणाली.

"चुकून," थोरली त्याच क्षणी म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी दोघींकडे आळीपाळीने पाहिलं.

"दुपारी," सासूबाई म्हणाल्या आणि दात आवळून दोरा तोडला. डॉक्टरीणबाईंचं लक्ष लगेच त्या दातांकडे गेलं आणि विषय बदलला.

रास गाडीत चढली. एकच उशी कमी भरली, तिचा अभ्रा अजून इस्त्रीवर यायचा होता. "एक उद्या सकाळी पाठवा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गुरुजींना मी तोवर माझ्या खुर्चीत बसवते."

थोरला दमून वर गेला. सासूबाई बटणांचा डबा बंद करून आडव्या झाल्या. खोलीत दोघी उरल्या. धाकटीचं सामान वर दोरीने बांधून तयार होतं. तिकडच्या घराची किल्ली आली होती. ट्रक सकाळी येणार होता.

"दे, मी करते इस्त्री," थोरली म्हणाली.

"तुम्ही बसा. दिवसभर उभ्या आहात."

थोरली बसली. टेबलावरचे प्लॅस्टिकचे कपटे ती हाताने गोळा करू लागली, कासवांच्या पाठीतून कापून काढलेले लहान लहान तुकडे. धाकटीने शेवटचा अभ्रा पाटावर उलटा पसरला, हाताने सपाट केला, इस्त्री टेकवली. खिडकीबाहेर झाडाखाली गाडी उभी होती. धाकटी त्या गाडीकडे बघत बोलत होती: तिकडे म्हणे नळाला दोनदाच पाणी येतं, स्वयंपाकघर अरुंद आहे, पण मागे एक खोली आहे आणि तिथे उजेड बरा असावा.

"टेबल मावेल?" थोरलीने विचारलं.

"लहान मावेल."

"साचे मी कापून पाठवीन. सपाट असतात, पाकिटात जातात."

"आणि मी पिवळा मला पाहिजे तेवढा घालीन."

"बिघडवशील."

"बघाच."

थोरली काहीतरी टोचून बोलणार होती, तेवढ्यात तिच्या नाकाला वास आला. तिने वर पाहिलं. इस्त्री जिथे टेकवली होती तिथेच होती. कडेने बारीक धूर निघत होता.

"अगं, जळतंय."

"हो का?" धाकटी म्हणाली. ती खिडकीबाहेर बघत होती. तिचा हात इस्त्रीवर होता आणि तिने तो हलवला नाही.

थोरली उठली. तिने बटण बंद केलं आणि धाकटीच्या हाताखालून इस्त्री अलगद काढून घेतली. अभ्र्यावर कासवाच्या बरोबर मध्यावर तपकिरी डाग उठला होता, टोकदार, होडीसारखा. कासव त्यात बसून कुठेतरी निघाल्यासारखं दिसत होतं. दोघी त्याच्याकडे बघत राहिल्या. धाकटीने तो अभ्रा घडी करून बाजूला ठेवला.

मग थोरलीने फोन घेतला आणि ट्रकवाल्याला लावला.

"उद्या सकाळी नको," ती म्हणाली. "संध्याकाळी या. आमची एक उशी राहिली आहे."

पलीकडून तो काहीतरी बोलला. धाकटी फडताळातून कोरा अभ्रा काढत होती. तिने मान वळवून ऐकलं.

"हो, एकच," थोरली म्हणाली. "अख्खा दिवस लागेल. का म्हणजे? तुम्ही कधी केली आहे का उशी?"

आणि तिने फोन ठेवून दिला.